अर्ध्यावर उचललेली तळी

पुरसोकाका गेला त्या सकाळी माझ्या हातात माईक होता. आमच्या शाळेचा बक्षीस समारंभ चालू होता, डिचोलीतल्या त्या सभागृहात पालक दाटीवाटीनं बसले होते आणि मी नेहमीप्रमाणे सूत्रसंचालन करत होतो. खिशातला फोन थरथरला. काढून पाहिलं तर पार्शाहून, काकाच्या शेजारच्या घरातून. काकीला गॅसच्या नोंदणीचं काहीतरी विचारायचं असेल असं वाटून मी तो टेबलावर पालथा घातला आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. फोन आणखी दोनदा थरथरला. मी पाहुण्यांची ओळख करून देताना एक विनोद केला, तो चांगला वठला, लोक हसले. आभारप्रदर्शन आटोपलं, चहाचा कप हातात आला, तेव्हा कुठे मी फोन लावला. शेजारीण एवढंच म्हणाली, "काका गेलो. तूच येवक जाय, तेका दुसरां कोण आसा?"

खरंच दुसरं कोणी नव्हतं. काका-काकीला मूलबाळ नाही आणि मी त्याच्या थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा. माझे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली. पार्शाचं आमचं घर मी सणापुरतं उघडतो आणि त्याला लागूनच, एका बुटक्या दगडी गडग्यापलीकडे काकाचं घर. अग्नी मी दिला, बाराव्यापर्यंतचं सगळं केलं. भेटायला आलेली माणसं म्हणत होती, पुतण्यानं पोटच्या मुलासारखं केलं. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि त्यांना तो शोक वाटत होता. शोक होताच... पण मान खाली होती ती लाजेनं. आज दोन महिने झाले. काकाच्या चांगुलपणाच्या चार आठवणी लिहून मी मोकळा झालो असतो, कुणाला काही कळलं नसतं. पण तसं केलं तर मी पुन्हा एकदा सुटेन, आणि आता मला सुटायचं नाही.

आमच्या वाड्यावर बावीस घरं. शिगम्यात, म्हणजे आमच्याकडच्या फाल्गुनातल्या होळीच्या सणात, मेळ दारोदार फिरतो. गुलालानं माखलेली माणसं ढोल-ताशे वाजवत अंगणात येतात, नाचतात, आणि मग ढोल एकदम थांबतो. सारवलेल्या अंगणात घरच्यांनी तळी मांडून ठेवलेली असते, म्हणजे काशाच्या ताटात तांदूळ, नारळ, विड्याची पानं आणि पेटलेलं निरांजन. तिच्यासमोर उभं राहून मेळातला एक जाणता माणूस त्या घराच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळा जमाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणून जोड देतो. आमच्याकडे तो जाणता म्हणजे पुरसोकाका. एरवी त्याचा आवाज इतका बारीक, की दुकानात साखर मागितली तरी दुकानदार दोनदा विचारी. चौथी शिकलेला, माडाकाजूत जन्म गेलेला, खांद्यावर पंचा टाकून कडेकडेनं चालणारा माणूस. पण तळीसमोर हात जोडून 'बा देवा म्हाराजा' म्हटलं, की तो आवाज कुठून यायचा कोण जाणे, खालच्या भाटापर्यंत, माडाकाजूच्या बागेपर्यंत, ऐकू जायचा.

त्याच्या गाऱ्हाण्याची खुमारी अशी, की ते बावीस घरांसाठी बावीस तऱ्हेचं असे. कोणाची गाय दुधाला येत नाही, कोणाच्या मुलीचं कुठे जुळत नाही, कोणाचा मुलगा आखातात जाऊन अडकलाय, सगळं नावानिशी देवापुढे मांडलं जाई. शिगम्याच्या आधी आठ दिवस तो काही ना काही निमित्तानं घरोघरी जाऊन बसायचा. फारसं विचारायचा नाही. चहा प्यायचा, मुलांच्या खोड्या काढायचा, आणि माणसं आपणहून त्याला सांगायची. मुलांना तर तो कधीच वगळत नसे. माझ्या दहावीच्या वर्षी त्यानं भर मेळात देवाला सांगितलं, की ह्या चेड्याच्या डोक्यात गणित शिरत नाही, तेवढं ते शिरव. पन्नास माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणाली. वाड्यावरच्या पोरांनी मला महिनाभर जगू दिलं नाही. मला गणितात छत्तीस गुण पडले, तेव्हा काका म्हणाला, देवाचं काही चुकलं नाही, आपणच आकडा सांगायला विसरलो.

मी चिडलो होतो, पण खोटं कशाला सांगू, मनातून फुशारलोही होतो. आपलं नाव त्या आवाजात उच्चारलं गेलं, पन्नास माणसांनी आपल्यासाठी देवाला हाक मारली, हे सुख त्या वयातही कळत होतं. आणि मुलं काकावर रागावणार तरी किती? पाडव्याच्या सकाळी वाड्यावरची सगळी पोरं त्याच्याच अंगणात जमायची. कडुलिंबाची पानं खायला घालायचं काम आयांना जमत नसे, म्हणून त्या मुलांना तिकडे पिटाळायच्या. काका कुणालाच आग्रह करायचा नाही. स्वतः मूठभर पानं तोंडात टाकायचा, डोळे मिटून जिलबी खाल्ल्यासारखा रवंथ करायचा आणि उरलेली पानं पंच्यात बांधून म्हणायचा, ही आता कोणाला मिळणार नाहीत. मग पोरं ती त्याच्याकडून हिसकावून खायची आणि तोंडं वाकडी करत गुळासाठी काकीकडे धावायची. मीही धावलोय, पुष्कळ वर्षं.

पुढे मी शिकलो, डिचोलीला शाळेत लागलो, तिथेच फ्लॅट घेतला. लाटंबार्शाच्या शर्मिलाशी लग्न झालं. बोलणं हीच माझी ओळख झाली. तालुक्यात कुठलाही समारंभ असो, 'सरांना बोलवा, सर छान बोलतात' असं लोक म्हणायचे आणि मी जायचो. अशा माणसाच्या पोटी ईशान जन्मला आणि तो बोलेना. दीड वर्षाचा झाला, दोन वर्षांचा झाला, तीन... हसायचा, हाताला धरून हवी ती वस्तू दाखवायचा, गाडीच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखायचा, पण तोंडून शब्द नाही. कान तपासले, ठीक होते. म्हापशाला एक बाई अशा मुलांना बोलायला शिकवतात, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा नेऊ लागलो. आणि गावात, शाळेत, नातेवाइकांत मी एक वाक्य पाठ केल्यासारखं सांगू लागलो, "घरी नुसता बडबडतो हो, इथं माणसं बघून बुजतो." मी हे सांगत असताना शर्मिला खाली बघून ईशानच्या शर्टाची बटणं ठीक करत बसायची. ती मला कधी खोटं पाडत नसे आणि माझ्या वाक्याला कधी दुजोराही देत नसे.

ईशान चार वर्षांचा झाला त्या फाल्गुनात शिगम्याच्या आठ दिवस आधी आम्ही पार्शाला गेलो होतो. काजूचा हंगाम होता, सगळ्या वाड्यावर पिकल्या बोंडवांचा, काजूच्या फळांचा, आंबूस वास भरून राहिला होता. काका ईशानला घेऊन भाटात गेला आणि मी त्यांच्या मागून. पिकून पडलेलं बोंडू कसं उचलायचं, पिळा देऊन बी कशी वेगळी करायची, हे तो ईशानला दाखवत होता आणि दाखवताना एकसारखा बोलत होता. एक प्रश्न विचारायचा, ईशानच्या तोंडाकडे बघत थांबायचा... चांगला थांबायचा... आणि मग मान डोलावून म्हणायचा, "हां, तांय खरां." जणू पोरानं उत्तर दिलं होतं. म्हापशाच्या बाई आम्हांला हेच परोपरीनं सांगत होत्या, की विचारा आणि थांबा, आणि आम्हांला ते थांबणं जमत नव्हतं. ईशानचा सदरा रसानं माखला होता, तो डाग कधी जात नाही, आणि तो इतका खुशीत होता, की मी गप्प राहिलो. थोड्या वेळानं काका माझ्याकडे न बघता म्हणाला, "भुरगो उलयना, न्हय रे?"

मी त्या दिवशी थकलो होतो, का कुणास ठाऊक, पोर बोलत नाही का, ह्यावरचं माझं नेहमीचं वाक्य तोंडात आलंच नाही. मी सगळं खरं सांगून टाकलं. बाईंकडे नेतो तेही, शर्मिला न्हाणीघरात नळ सोडून रडते तेही, आणि मी स्वतः एकदा गाडी रस्त्याकडेला लावून रडलो होतो तेही. काका हातातली बी चोळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरां केलंस सांगलंस तां." मला हलकं वाटलं. हे कुणाला सांगू नको, असं मी म्हटलं नाही, कारण अशा गोष्टी कोणी सांगत नसतं हे मी गृहीत धरलं होतं. त्यानं दुसरंच गृहीत धरलं. शिगम्याच्या आठ दिवस आधी घरचा माणूस आपल्याजवळ मनातली काळजी बोलतो, ती कशासाठी, हे त्याला चाळीस वर्षं ठाऊक होतं. मी ह्याच वाड्यावर वाढलो होतो. मला हे कळायला हवं होतं, गणिताच्या छत्तीस गुणांपासून कळायला हवं होतं. पण मी डिचोलीचा सर झालो होतो.

शिगम्याच्या दिवशी मी आमच्या मुख्याध्यापकांना आणि दोन सहकाऱ्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. खरा शिगमो बघायचा असेल तर आमच्या पार्शाला या, असं मीच मिरवलं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला मेळ आमच्या अंगणात आला. पाहुण्यांना खुर्च्या दिल्या होत्या, शर्मिला ईशानला कडेवर घेऊन दारात उभी होती, तो ढोलाच्या तालावर हात हलवत होता. मी पाहुण्यांना ह्या चालीचं नाव काय, त्या चालीचं काय, असं समजावत होतो. ढोल थांबला. काका तळीसमोर आला. पहिली दोन वाक्यं नेहमीची झाली, नारळ मानून घे, घरादाराला बरं कर. मग त्यानं डोळे मिटले आणि त्याचा आवाज चढला.

"चार वर्सां भरलीं, ह्या बाळग्याच्या तोंडाक अजून उतर फुटाक नाय. आवयबापूय लिपान रडतत. तेंची कळ काड, तेच्या जिबेर उतर घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पोराचा न फुटलेला शब्द आणि आमचं लपून रडणं ऐकून पन्नास माणसं म्हणाली. त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं, हे मला आज आठवतं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर दुसरीकडे वळवली. मी पुढे झालो. काकाचं पुढचं वाक्य सुरू झालं होतं आणि मी वाकून, निरांजन पेटलेलं असताना, ती तळी जमिनीवरून उचलली. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत तळीला हात लावायचा नसतो. ते गाऱ्हाणं नाकारणं झालं, देवालाही आणि घालणाऱ्यालाही. वाड्यावरच्या एवढ्याशा पोरालाही हे माहीत असतं. निरांजन कलंडून विझलं, तेल तांदळात गेलं. काका जोडलेले हात तसेच धरून रिकाम्या जमिनीकडे बघत उभा राहिला. ताशेवाल्यानं शेवटी ताशा गळ्यात नीट केला आणि मेळ निघाला, ढोल न वाजवता, पुढच्या घराकडे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी खूप झालं असतं. पाहुणे जेवून गेल्यावर मी गडगा ओलांडून काकाच्या घरी गेलो. तो मागीलदारी पाय धूत होता, काकी बाजूला तांब्या घेऊन उभी. पुढचं वाक्य लिहू की नको ह्यात माझे दोन दिवस गेले. मी म्हणालो, "तुका भुरगीं नाय, म्हणान तुका दुसऱ्याच्या भुरग्याचो तमासो करूक जाता."

काकीनं तांब्या खाली ठेवला. त्यांच्या लग्नाला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती. त्या चाळीस वर्षांत काकानं बावीस घरांतल्या सुनांची कूस उजवावी म्हणून गाऱ्हाणी घातली होती आणि स्वतःच्या अंगणातल्या तळीपुढे तो वाक्य कसं पुरं करायचा ते मला ठाऊक होतं. म्हणायचा, 'आमचां बरां आसा रे म्हाराजा, तू दुसऱ्यांचा बघ.' हे सगळं मला ठाऊक असताना मी ते वाक्य बोललो. काकानं पंच्यानं पाय पुसले. "चुकलां माजा, बाबू," तो म्हणाला, त्याच्या रोजच्या बारीक आवाजात.

त्यानंतर मी शर्मिलाला आणि ईशानला पार्शाला नेणं बंद केलं. चतुर्थीला ती दोघं लाटंबार्शाला तिच्या माहेरी जात, मी एकटा पार्शाला दीड दिवस काढून येई. शिगम्यालाही मी एकटाच जाई, तळी मांडायला घरचं माणूस लागतं म्हणून. पुढच्या वर्षी मेळ आला, काका तळीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ह्या घराला बरं कर रे म्हाराजा. संपलं. ना माझं नाव, ना शर्मिलाचं, ना ईशानचं. जमावातल्या काहींना तर 'व्हय म्हाराजा' म्हणायलाही उशीर झाला, इतकं ते आखूड होतं. बाजूच्या घरी गेल्यावर पुन्हा नेहमीसारखं लांबलचक गाऱ्हाणं ऐकू आलं, कोणाच्या मुलाचे दात किडलेत तेसुद्धा. पुढची दोन वर्षंही हेच झालं. आणि खरं सांगायचं तर त्या पहिल्या वर्षी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. काका भेटला की गप्पा मारायचा, पावसाच्या, माडाच्या, माझ्या शाळेच्या. ईशान कसा आहे, हे त्यानं कधी विचारलं नाही. मी त्याला विचारायची सोयच ठेवली नव्हती.

ईशान पाचव्या वर्षी बोलला. पहिला शब्द 'पाणी', सकाळी, स्वयंपाकघरात. शर्मिलानं त्या दिवशी त्याला सात पेले पाणी पाजलं असेल. सहाव्या वर्षी वाक्यं आली, पण अडखळत. शब्दाचं पहिलं अक्षर त्याच्या जिभेवर दोनदा-तीनदा आपटायचं. शर्मिला म्हणाली, आता शिगम्याला सगळे जाऊ, काकांना ऐकू दे. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. सातव्या वर्षी ती पुन्हा म्हणाली आणि मी पुन्हा तेच म्हटलं. मनात माझा बेत पक्का होता. ज्या अंगणात पन्नास माणसांसमोर मान खाली गेली होती, त्याच अंगणात ईशानला उभं करायचं, न अडखळता एखादी कविता म्हणायला लावायची, आणि मग काकाच्या पाया पडायचं. माफीसुद्धा मला मिरवून मागायची होती. त्यासाठी पोराची जीभ साफ व्हायची वाट मी बघत बसलो, दोन वर्षं. ह्या वर्षी नक्की जायचं ठरलं होतं, आणि शिगम्याला महिना राहिला असताना काका झोपेतच गेला.

बाराव्याला ईशान आला. वाड्यावरची माणसं त्याला बोलतं करत होती, तो उत्तरं देत होता, अडखळत पण न बुजता. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. बायकांनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, मुलांनी त्याला खेळायला नेलं. एवढीच गोष्ट होती ती, जिच्यासाठी मी चार वर्षं दार लावून बसलो होतो. दुपारी तो धावत आत आला, हार घातलेल्या फोटोसमोर थबकला आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबा, हे आ-आजोबा कोण?" काकी पलीकडेच पानं वाढत होती. तिनं ऐकलं. हातातलं पान ठेवून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शिगम्यात आम्ही काकीसोबत राहायला गेलो. घरात मरण झालं की त्या वर्षी मेळ अंगणात येत नाही, आमच्या दारावरून जाताना ढोलसुद्धा थांबवतात. ईशान गडग्यावर बसून वाट बघत होता. माणसं आली, गुलालानं माखलेली, हातातल्या टिपऱ्या खाली धरून, पायांचा तेवढा आवाज करत निघून गेली. ईशाननं विचारलं, ते आपल्याकडे का येत नाहीत? शर्मिलानं त्याला सांगितलं, आजोबा गेले म्हणून. आणखी काही सांगायचं होतं ते मी सांगायला हवं होतं. मी आत निघून गेलो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी काकी स्वयंपाकघरात बिबे सोलत बसली होती, म्हणजे कोवळ्या काजूबिया, भाजीसाठी. त्यांचा चीक हाताला भाजतो, म्हणून ती बोटांना खोबरेल लावून सोलत होती. मी समोर जाऊन बसलो. चार वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, काकी, त्या दिवशी माझ्या तोंडून जे गेलं... ती मान वर न करता म्हणाली, "तेणां मनात धरूक नाय. तू कित्याक धरतंस?" आणि मग सोलता सोलता, वाटाण्याच्या शेंगांबद्दल सांगावं तशी, सांगत गेली. काका रोज सकाळी तुळशीसमोर उभा राहून ईशानचं गाऱ्हाणं घालायचा. माझ्या अंगणात बंदी झाली, म्हणून स्वतःच्या अंगणात. गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारं कोणीतरी लागतं, तेव्हा ते काम काकीचं. चुलीवर दूध उतू जायला आलेलं असलं तरी तिला आतून ओरडावं लागायचं, नाहीतर तो पुढचं वाक्य घेत नसे. काकी त्यावर हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले.

गेल्या दिवाळीनंतर तो बाजाराला जातो म्हणून निघाला आणि म्हापशाला बस बदलून थेट डिचोलीला गेला. आमच्या इमारतीच्या खाली मुलं क्रिकेट खेळत होती. काका समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. ईशान आउट झाला होता आणि ते मान्य करायला तयार नव्हता. दुसऱ्या पोराच्या अंगावर धावून जाऊन, अडखळत, लाल होऊन भांडत होता. काकानं ते सगळं भांडण ऐकलं आणि परतीची बस धरली. घरी येऊन, पोर अगदी माझ्यावर गेलंय अशा कौतुकानं, काकीला म्हणाला, "झगडता गे तो. सामको बापाशीवरी." आणि तुळशीसमोर नारळ फोडला.

"मगे वयर घराक कित्याक येवक नाय?" मी विचारलं. मी त्या दिवशी घरीच असणार, दुसऱ्या मजल्यावर, वह्या तपासत.

"तू आपयलंस खंय?" काकी म्हणाली. मी बोलावलं नव्हतंच.

मी म्हटलं, मग त्यानंतर गाऱ्हाणं बंद झालं असेल. काकीनं मान हलवली. बंद झालं नाही, फक्त दुसऱ्याचं सुरू झालं. पोराला उतर फुटलं, शब्द आला, तेव्हा काकी म्हणाली त्याप्रमाणे तो आता माझं घालू लागला. मी विचारलं, माझं कसलं? तिनं सोललेले बिबे पाण्यात टाकले, हात पुसले आणि काका म्हणायचा तसंच, शब्दाला शब्द सांगितलं.

"बापाशीच्या मनातली लज काडून घे रे म्हाराजा."

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. ह्या वर्षी गुढी नव्हती. मी उठून बाहेर आलो तेव्हा पाववाला पोदेर भोंगा वाजवत रस्त्यानं चालला होता, ईशान उंबऱ्यावर बसून दात घासत होता आणि काकी आत चुलीपाशी होती. मी तुळशीजवळ जाऊन उगाच उभा राहिलो. इतक्यात आतून काकीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." कोणी काही म्हटलं नव्हतं. रोजच्या वेळेला तिच्या तोंडून आपोआप गेलं होतं, तिच्या लक्षातही आलं नसावं, कारण भांड्यांचा आवाज तसाच चालू राहिला. ईशाननं ब्रश तोंडातून काढला. "आजी को-कोणाक सांगता?" त्यानं मला विचारलं.

मी हात जोडले. त्याला उत्तर द्यायचं होतं, ते गाऱ्हाण्यातच देता आलं असतं. चुकलो, एवढाच एक शब्द, मोठ्यानं. ऐकायला एक म्हातारी होती आणि एक पोर, दोघंही माझीच. आणि तोंड उघडण्याआधी मी मान वळवून शेजारच्या अंगणात कोणी आहे का ते पाहिलं.